गुलाल लागलेली कुत्री

सापडलेली वस्तू: कुत्री, पांढरी, नग एक

"दत्तू, ट्रक!"

दत्तूला दिसत होता. म्हणून तर तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हातांत टॉवेल ताणून धरून. लाल टॉवेल. आईचा नवा.

ट्रकने आधी हॉर्न दिला, मग शिवी दिली, मग ब्रेक लावला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मरना है क्या?"

"कुत्ता है," दत्तू म्हणाला.

"तू?"

"वो."

ड्रायव्हरने पाहिलं. दत्तूच्या मागे, डांबरावर, एक पांढरी कुत्री थरथरत उभी होती. एक कान काळा. दुसऱ्या बाजूने येणारी वाहनं नफीसाने अडवली होती, स्वतःची सायकल रस्त्यावर आडवी टाकून. एक स्कूटरवाला तिला वसाहतीची शिस्त शिकवत होता आणि ती "हाँ अंकल, हाँ अंकल" म्हणत जागची हलत नव्हती.

कांचन उकिडवी बसली होती. एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात शाळेचा पट्टा. ती कुत्रीकडे बघत नव्हती. घाबरलेल्या कुत्र्याकडे बघायचं नसतं, हे तिला तिसऱ्या कुत्र्यापर्यंत समजलं होतं.

टोस्ट गेला. पट्टा गळ्यात पडला.

"घेतली," कांचन म्हणाली.

सकाळचे सात वाजले होते. एक मे. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला दिवस.

कडेच्या कडुनिंबाखाली तिघं टेकली. कांचन आणि नफीसा बारा वर्षांच्या, दत्तू अकरा. तिघांचे वडील एकाच कारखान्यात, तिघांची क्वार्टर्स एकाच ओळीत. रस्त्याच्या या बाजूला कारखान्याची वसाहत, त्या बाजूला अयोध्या नगरची नवी घरं.

"हिला लागलंय," दत्तू म्हणाला. कुत्रीच्या पाठीवर गुलाबी डाग होता.

नफीसाने बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "खून नाही रे. गुलाल आहे."

"मे महिन्यात?"

होळी होऊन गेली होती. गणपतींना अवकाश होता. मेच्या उन्हात कुत्रीला गुलाल लावला कोणी?

वही, पान सात

कांचनकडे वही होती. मागच्या दिवाळीत पहिलं कुत्रं सापडलं, तेव्हापासून.

*१ नोव्हेंबर. काळा कुत्रा, शेपूट तुटकी. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. आता करोंद मंडीत नफीसाच्या मामूंच्या दुकानावर राखण करतो.*

*१ जानेवारी. तपकिरी कुत्री. रस्त्याच्या मधोमध. आम्हाला उशीर झाला.*

त्याखाली तिने लिहिलं:

*१ मे. पांढरी कुत्री. पाठीवर गुलाल.*

लिहून झाल्यावर ती पानाकडे बघत राहिली.

"सगळी एक तारखेला," ती म्हणाली.

"आणि सगळी पलीकडून इकडे येत होती," नफीसा म्हणाली. "हरवलेलं कुत्रं कुठेही फिरतं. ही तिन्ही वसाहतीकडे तोंड करून होती. ये खोई नहीं हैं, खां." तिच्या घरी यारदोस्ताला 'खां' म्हणत. "ही घरी चालली होती."

दत्तूने वही ओढून घेतली. "पण आपण तर सुट्टीतच इकडे येतो. शाळा असते तेव्हाच्या एक तारखांना काय होत असेल?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग आणखी एक.

ओळख पटली. ओळख नाकारली.

दत्तूच्या घरी रोटर होता. पिवळट, लांब कानांचा. आनंद झाला की स्वतःभोवती गोल गोल फिरायचा, म्हणून बाबांनी कारखान्यातल्या फिरत्या यंत्रावरून त्याचं नाव रोटर ठेवलं होतं. पांढऱ्या कुत्रीला बघून त्याने पाच फेऱ्या मारल्या.

"पुरे," दत्तू त्याला म्हणाला. "तुझी तर मजा आहे. जूनपासून डेअरीत राहणार तू. दूध पिऊन बैल होशील."

दत्तूचे बाबा, भालचंद्रकाका, एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्याच दिवशी क्वार्टर रिकामं करून सगळे इंदूरला जाणार, दत्तूचा मोठा भाऊ सुभाष याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे कुत्र्याला जागा नव्हती. पण काळजी नव्हती. वसाहतीच्या इस्टेट ऑफिसातले सुधाकरकाका अशी कुत्री करोंदच्या गोपाळ डेअरीत पोचवायचे. मोकळं रान, म्हशी, दूध. बाबांनीच सांगितलं होतं.

कुत्रीच्या गळ्यात शाळेच्या पट्ट्याखाली आणखी एक पट्टा होता. पांढरा, सुती, घट्ट विणीचा.

"बाबा, ही तुमच्या वर्कशॉपमधली टेप ना? ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलला गुंडाळता ती?"

बाबांनी चष्मा लावला. "आमचीच." मग कुत्रीचा कान पाहिला. "अरे, ही तर शॉपमधल्या काशिनाथच्या चांदणीसारखी दिसते."

चांदणी हा शब्द ऐकताच कुत्रीची शेपटी इतक्या जोरात हलली की पाण्याचा तांब्या आडवा झाला.

"तीच आहे, काका," कांचन म्हणाली. "काशिनाथकाका कधी रिटायर झाले?"

"कालच. तीस एप्रिलला. ढोल वाजवत घरी सोडलं आम्ही. गुलाल उधळला, चांदणीलासुद्धा..." बाबा थांबले. मग त्यांनी मान हलवली. "छे. ही ती नव्हे. चांदणी करोंदला डेअरीत आहे."

"काका, शेपटी बघा तिची."

"शेपटीचं काय घेऊन बसलीस? पावती पाहिलीय मी स्वतः."

चांदणी बाबांचा हात चाटत होती. बाबा तिला सांगत होते की ती इथे नाही.

कार्यालयीन वेळ: दहा ते साडेपाच

"सुट्टी लागली की पोरांची डोकी रिकामी होतात," सुधाकरकाका म्हणाले. इस्टेट ऑफिसात कूलरसमोर बसले होते. वसाहतीतल्या प्रत्येक क्वार्टरचे नळ त्यांना तोंडपाठ होते. मुलांना गोळ्याही द्यायचे. आज त्यांनी पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे बघा. चांदणी, पांढरी, तीस एप्रिल. गोपाळ डेअरी, करोंद. सुपूर्द. सही. शिक्का. आणखी काय हवं?"

दत्तूला बरं वाटलं. शिक्का गोल होता, जांभळा होता.

कांचन पानं उलटत होती. एक, दोन, तीन.

"काका, सही तर तुमचीच आहे."

"मग कोणाची असणार?"

"देणाऱ्याची झाली. घेणाऱ्याची कुठे आहे?"

सुधाकरकाकांनी पुस्तक बंद केलं. "डेअरीवाले घाईत असतात. चला, निघा. मोठ्यांच्या कामात पडू नये."

बाहेर आल्यावर नफीसा म्हणाली, "आता तर पडायचंच."

कांचनने उज्जैनला, काशिनाथकाकांच्या नव्या पत्त्यावर, पोस्टकार्ड टाकलं. एकच प्रश्न: *काका, तुमची चांदणी कुठे आहे?* सापडली हे मुद्दाम लिहिलं नाही. चांदणीला तिने घरामागच्या सायकल शेडमध्ये ठेवलं. तिची आई, निर्मलाताई, म्हणाली, "ही धर्मशाळा नाही." मग चांदणीसाठी पोळ्यांना तूप लावायला बसली.

करोंद

नफीसाच्या मामूंचं दुकान मंडीच्या फाटकाजवळ होतं. गव्हाच्या पोत्यांवर तुटक्या शेपटीचा काळा कुत्रा मालकासारखा पसरला होता. तिघांना बघून त्याने शेपटीचा जेवढा होता तेवढा भाग हलवला.

"गोपाल डेअरी?" मामू हसले. "को खां, उसको बंद हुए तो चार बरस हो गए. चलो, दिखाता हूँ."

पत्र्याचं फाटक. आत म्हशी नव्हत्या. रान नव्हतं. छतापर्यंत रिकामी पोती रचलेली होती, नि एक मुनीमजी त्यांच्यात बसून शिंकत होते.

दत्तूने आत जाऊन पाहिलं. कोपऱ्यात सिमेंटचा एक हौद होता, म्हशींच्या पाण्याचा. त्यात पोती भरली होती. तो बराच वेळ त्या हौदाजवळ उभा राहिला. दूध पिऊन बैल होशील, असं तो रोटरला रोज सांगत आला होता.

कांचनने वहीतला कागद फाडला. "मुनीमजी, लिहून द्या ना. इथे चार वर्षांपासून डेअरी नाही म्हणून."

"किसलिए, बिटिया?"

"आमच्या वसाहतीत तोंडी चालत नाही."

मुनीमजींनी लिहून दिलं. कांचन हलली नाही.

"ठप्पा?"

मुनीमजी पुन्हा शिंकले आणि त्यांनी ठप्पा मारला. चौकोनी. निळा.

परतीच्या वाटेवर दत्तू सायकल हातात धरून चालत होता.

"पंचवीस दिवस राहिले," तो म्हणाला. "एकतीसला रोटर त्या रस्त्यावर असेल. तो रस्त्यावर काय करेल माहीत आहे? घाबरला तरी गोल फिरतो तो. ट्रकसमोरसुद्धा फिरेल."

हाताने लिहिलेलं, निळ्या शाईत

*चि. कांचनला आशीर्वाद.*

*चांदणी करोंदला डेअरीत सुखात आहे असं सुधाकरने सांगितलंय. पावती जपून ठेवली आहे. इथे आल्यापासून घर फार मोठं वाटतं, खरं तर क्वार्टरपेक्षा लहान आहे. तुम्ही मुलं कधी करोंदला गेलात तर डेअरीवाल्यांना एवढं सांगा, की तिला पंख्याखाली झोपायची सवय आहे. मे महिन्यात तिला फार होतं.*

*एकतीसला भालचंद्रच्या निरोपाला येतो आहे.*

*काशिनाथ*

नफीसाने मोठ्याने वाचायला घेतलं होतं. शेवटचं तिने मनातच वाचलं.

दत्तूने ठप्प्याचा कागद आणि पोस्टकार्ड बाबांपुढे ठेवलं. बाबांनी दोन्ही दोनदा वाचलं.

"डेअरी दुसरीकडे गेली असेल," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "सुधाकरला मी तीस वर्षं ओळखतो. आणि इंदूरला कुत्रं नेता येणार नाही, दत्तू. ते ठरलंय."

दत्तू उठला. "मी रोटरला देणार नाही."

"दत्तू."

"नाही देणार."

मागच्या अंगणात नफीसा म्हणाली, "भाग जाते हैं. रोटरला घेऊन. मामूंकडे."

"रोटर वाचेल," कांचन म्हणाली. "तीस जूनला जे रिटायर होतील, त्यांचं कुत्रं?"

दत्तू रोटरचे कान कुरवाळत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी कारखान्यातून स्क्रू ड्रायव्हर जरी कोणाला दिला, तरी पोच लिहून घेतात. घेणाऱ्याची सही. आईला गंमत वाटते. भाजीवाल्याला पिशवी दिली तरी म्हणतात, सही कर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे," कांचन म्हणाली, "आपल्याला पळायचं नाहीच. आपल्याला फक्त नियमाने वागायचं आहे."

रकाना क्रमांक १४

एकतीस मे. साडेचारचा भोंगा झाला.

ढोल आधी ऐकू आला, मग वळणावर माणसं दिसली. मध्ये भालचंद्रकाका, गळ्यात हार, कपाळभर गुलाल. बाजूला काशिनाथकाका, उज्जैनहून दुपारच्या बसने आलेले. मागे सगळं शॉप, आणि सगळ्यांच्या मागून वसाहतीच्या मोठ्या अधिकारी रत्नप्रभा मॅडम. निवृत्त होणाऱ्याला घरापर्यंत सोडायला मोठ्या साहेबाने यायचं, ही इथली रीत.

दारात सुधाकरकाका फॉर्म घेऊन तयार होते. फाटकाबाहेर इस्टेट ऑफिसचा टेम्पो, आणि ड्रायव्हर मोहनभैया, हातात दोरी. कोणीतरी रोटरच्या पाठीवरही गुलाल टाकला.

दत्तूने तो पाहिला. पाठीवरचा गुलाबी डाग. तो रोटरला कवटाळून उंबरठ्यावरच बसला.

"पंखे तीन," सुधाकरकाका वाचत होते. "ट्यूबलाइट चार. नळ पाच. चौदा, पाळीव प्राणी, निल. भालचंद्र, सही कर आणि चावी दे. मोहन, कुत्रं घे."

"निल कसं?" दत्तू म्हणाला. "हा काय आहे?"

लोक हसले. ढोलवाल्याने हात थांबवला.

"बाळा, तो डेअरीत जाणार म्हणून निल."

"मग पोच द्या."

"पावती देतो ना."

"पावती नको. पोच. घेणाऱ्याच्या सहीची. गोपाळ डेअरीची सही आणा, मग रोटर न्या."

"दत्तू, उठ," बाबा म्हणाले. सगळं शॉप बघत होतं.

दत्तू उठला नाही. "तुम्हीच सांगता बाबा. पोचेशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही."

सुधाकरकाका वळले. "काशिनाथ, तूच सांग या पोराला. तुझी चांदणी कशी मजेत आहे डेअरीत."

"हो रे," काशिनाथकाका दत्तूला म्हणाले. "माझ्याकडे पावती..."

नफीसाने सायकल शेडचं दार उघडलं.

चांदणी धावली नाही. आधी तिने हवेत नाक वर केलं. मग ती माणसांच्या पायांतून वाट काढत, ढोलाला वळसा घालून आली आणि काशिनाथकाकांच्या चपलांवर आडवी झाली. पोट वर. काळा कान मातीत.

काशिनाथकाकांनी खिशातून पावती काढली. पावतीकडे पाहिलं. कुत्रीकडे पाहिलं. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

कांचन पुढे आली. बारा वर्षांची मुलगी, हातात वही.

"मॅडम, ही एक मेला सकाळी सात वाजता मोठ्या रस्त्यावर सापडली. जानेवारीत एक सापडली होती, ती मेलेली. गोपाळ डेअरी चार वर्षांपूर्वीच बंद झालीय. हे मुनीमजींचं पत्र. ठप्पा आहे."

रत्नप्रभा मॅडमनी पत्र वाचलं. "सुधाकर?"

बोलला मोहनभैया, दोरी गुंडाळत.

"मैं क्या करूँ मॅडम. साहब बोले, हद के बाहर छोड़ दो. मी रस्त्यापलीकडे सोडत होतो. ती टेम्पोमागे पळायची. मी आरशात बघायचो नाही."

"पहिली दोन खरंच डेअरीत दिली होती," सुधाकरकाका हळूच म्हणाले. "मग डेअरी बंद पडली. क्वार्टर रिकामं करून हवं असतं, पुढचा माणूस सामान घेऊन उभा असतो. घरचे लोक रडायचे, विचारायचे, काय झालं कुत्र्याचं. पावती दिली की शांत व्हायचे."

"लोक शांत व्हायचे," कांचन म्हणाली. "कुत्री नाही."

"मुलांनी मोठ्यांशी असं..." गर्दीतून कोणीतरी सुरू केलं.

"बोलू दे तिला," भालचंद्रकाका म्हणाले.

त्यांनी गळ्यातला हार काढला. उंबरठ्यावर, दत्तूच्या शेजारी बसले.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले, "पोच घेतल्याशिवाय मी एक नट दिला नाही. आणि हा जिवंत प्राणी देऊन टाकणार होतो. कारण शिक्का होता." त्यांनी चावी खिशात घातली. "मॅडम, चौदावा रकाना दुरुस्त होत नाही, तोवर ही चावी मिळणार नाही."

"भालचंद्र, पुढचं कुटुंब सामान घेऊन येतंय," सुधाकरकाका म्हणाले.

"येऊ दे. चहा पाजतो त्यांना."

पेन मॅडमनीच काढलं. निल खोडलं. वर लिहायला गेल्या आणि थांबल्या. "काय लिहू?"

"एक," दत्तू म्हणाला. "नाव रोटर. कुटुंब सोबत घेऊन जात आहे." मग बाबांकडे बघून, "ना?"

"सुभाषला सांगू," बाबा म्हणाले, "माणसं तीन, कुत्रा एक. गोल फिरायला तिसरा मजलाही चालतो."

रोटर फिरला. सात फेऱ्या. गुलाल सगळ्यांच्या कपड्यांवर उडाला, मॅडमच्या साडीवरही.

मॅडमनी साडी झटकली नाही. "तुम्हा तिघांना कार्यालयातर्फे प्रशस्तिपत्र देऊ," त्या म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांच्या नाकाखाली चाललं होतं हे. दिसलं ते तुम्हाला. आणि यापुढे कुत्रं घेणाऱ्याच्या सहीशिवाय एकाही क्वार्टरची चावी घेतली जाणार नाही. सुधाकर, तसं आजच लिहून माझ्याकडे आणायचं. तुमच्याशी मी उद्या बोलते."

"प्रशस्तिपत्र नको," कांचन म्हणाली.

"मग?"

"पावतीपुस्तक हवंय. तेवीस पावत्या आहेत त्यात. त्या माणसांना वाटतंय, त्यांची कुत्री दूध पिताहेत. आम्ही त्यांना कार्डं लिहिणार. खरं काय ते."

सुधाकरकाकांनी पुस्तक पुढे केलं. "पत्ते माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "कार्डं मीही लिहीन. सही माझीच होती ना."

नफीसाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग वहीचं कोरं पान फाडून त्यांच्यासमोर धरलं.

"पहले पोच दीजिए. पुस्तक दिल्याची."

वही, पान आठ

*३१ मे. दत्तू इंदूरला गेला. रोटर त्याच्याबरोबर गेला, ट्रकमध्ये पुढे, दत्तूच्या मांडीवर. जाताना दत्तूने आमच्याकडून सही घेतली: मोठा रस्ता, देखरेखीसाठी, कांचन आणि नफीसा यांच्या ताब्यात.*

*चांदणी उज्जैनला. काशिनाथकाकांनी बसच्या कंडक्टरशी पाऊण तास भांडून नेली.*

*१ जून. सकाळी सहापासून दहापर्यंत रस्त्यावर उभ्या होतो. लाल टॉवेल घेऊन. नफीसा म्हणाली, अजून अर्धा तास थांबू. थांबलो.*

*सापडलेली कुत्री: निल.*